नववा आणि दहावा गज

उन्हाच्या आधी सुरू करायचं होतं,
पण आर्वीहून आणलेल्या रेड ऑक्साइडच्या डब्याचं झाकण उघडेना.
मोरेश्वरने पेचकस लावला, मग विळ्याचं टोक,
मग शिवी दिली. शिवीने उघडलं.

ओट्याचं रेलिंग. सत्तावीस गज, वर पट्टी,
मधे दशरू खात्याने भट्टीत तापवून वळवलेली बोंडं.
बाबांनी कपाशीची बोंडं सांगितली होती,
गावाला तो लसूण दिसला.
तेव्हापासून आम्ही लसूणवाले.
एक वाफा कधी लावला नाही.

गज आणि गंज, एका टिंबाचा फरक,
मी म्हटलं.
"मंग घास ना ताई ते टिंब," मोरेश्वर म्हणाला
आणि तारेचा ब्रश माझ्याकडे फेकला.

गंज तिखटासारखा उडतो, घामावर बसतो,
पाणी प्यायलं की लोट्याला लाल ओठ.
त्याखाली हिरवा, हिरव्याखाली चॉकलेटी,
चॉकलेटीखाली नखाएवढा पिवळा.
आईला दाखवला. तिने चष्मा आणायला लावला,
पाहिलं, आणि म्हणाली,
"पिवळा आपल्या घरी नवताच कधी."
आम्ही तो घासून काढला.

भाचा म्हणतो, काढून टाका हे, स्टीलचे पाइप लावा,
फडकं मारलं की झालं.
कुणी उत्तर दिलं नाही.
तोंडावर रुमाल बांधले होते.

नवव्या गजाशी मोरेश्वरचा हात मंदावला.
नववा डावीकडे वाकलेला, दहावा उजवीकडे,
गर्दीत दोन माणसं मधून कुणाला वाट देतात तसे.

तान्हा पोळा होता. हा चार वर्षांचा.
लाकडी बैलांची रांग मारुतीपाशी वळली,
ती दिसावी म्हणून ह्याने डोकं बाहेर काढलं
आणि ते परत आत येईना.
जवसाचं तेल ओतलं. साबण लावला.
कुणी म्हणालं, कान आडवे येऊन रायले.
पोट्टे आपापले बैल ओढत इकडेच धावले;
त्या वर्षी बोजारा आमच्या ओट्यापुढेच वाटला गेला.
दशरू आला कुणाच्या तरी जीपचा जॅक घेऊन.
फिरवता फिरवता बाबांना म्हणाला,
"गुरुजी, सहा बोटं अंतर तुम्ही सांगतलं,
बोटं कोनाचे, ते नाही सांगतलं."
आणि मजुरी घेतली नाही.
माप माह्यं होतं, म्हणाला.

आता मोरेश्वर लाइनमन आहे,
सेहेचाळीस वर्षांचा, डोक्यावर केस नाहीत.
त्याने इकडेतिकडे पाहिलं,
रुमाल खाली केला,
त्या फटीतून हात घातला खांद्यापर्यंत
आणि पलीकडे उन्हात नुसताच धरून ठेवला.
मी ब्रश धुवायच्या निमित्ताने मागे गेले.
ब्रश अजून कोरडाच होता.

"सरळ करून देऊ का मामा?" भाच्याने विचारलं.
"राहू दे. मांजर जाते तिथून."

दुपारी दोनपर्यंत सगळं तांबूस.
वरून काळा मारायचा, उद्या.
कूलरपुढे पाठ टेकते न टेकते
तोच मांजर आत आलं,
दोन्ही कुशींवर एकेक ओला लाल पट्टा,
कुणी तरी माप घेऊन सोडल्यासारखं,
आणि आईच्या घडी घातलेल्या पातळावर
सावकाश, आधी एक कूस, मग दुसरी,
घासत बसलं.