ताळा

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की
तिसरीची पोरं रानातनं काड्या आणतात,
द्राक्षाच्या, बोटभर तोडलेल्या,
एका टोकाला अजून ओल.
दहा काड्यांना एक रबर,
सायकलच्या फाटक्या ट्यूबचं, गोल कापलेलं,
समर्थच्या चुलत्याच्या पंक्चरच्या दुकानातलं.
दहा जुड्या झाल्या की बेदाण्याच्या खोक्यात.
खोक्यावर मी खडूनं लिहिते : शतक.

मणेराजुरीच्या शाळेत एवढंच माझं साहित्य.
बाकी सगळं बोलणं.

बेरीज सोपी जाते.
सात नि आठ पंधरा, पाच खाली, एक हातचा,
आणि खरंच सगळा वर्ग मूठ आवळतो.
जेवणाच्या सुट्टीत विराज डबा धरून उभा,
उजवी मूठ मिटलेलीच :
"बाई, ह्यो ठिवू कुटं?"

हाच विराज त्रेपन्न ऐकतो
आणि आधी तीन लिहितो, मग पाच.
पस्तीस.
मी लाल पेन उचलते, थांबते.
कानानं ऐकलं ते हातानं लिहिलं,
यात त्याचं काय चुकलं?
आणि एकोणसाठ म्हणताना आपण
साठाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन
एक पाऊल मागं येतो,
हे तरी त्याला कुणी सांगितलंय.

मंगळवारी वजाबाकी. हातच्याची नाही, उसन्याची.
पाचशे दोनातून दोनशे सदुसष्ट.
दोनातून सात जात नाहीत,
म्हणून शेजारी दशकाकडे जायचं.
दशकाच्या घरी शून्य.
"कुलूप हाय," तनुजा खरमाटे म्हणाली.
मग त्याच्या पलीकडं, शतकाकडं.
त्यानं एक खोकं दिलं,
दशकानं ते फोडून नऊ जुड्या ठेवून घेतल्या,
एक पुढं सरकवली,
एककानं रबर काढलं : बारा काड्या.
फळ्यावर पाच खोडून चार, शून्य खोडून नऊ.
उत्तर दोनशे पस्तीस.
एकोणीस वर्षं मी हे असंच सांगत आलेय.

मागच्या ओळीतून अल्फिया मुलाणी उठली.
तिची आई शेडवर बेदाणा निवडते,
पिवळा वेगळा, काळपट वेगळा,
हिच्या वहीचीही दोन पानं कायम चिकटलेली.
"बाई, उसना घेतला न्हवं?
मग परत कवा द्याचा?"

पोरं हसली.
"गणितात परत द्यायचा नसतो," मी म्हटलं,
आणि जीभ चावली.
ती बसली, पण पटल्यासारखी नाही.

तासगावच्या एसटीत, खिडकीशी,
तिकिटाच्या पाठीवर मी उगाच ताळा केला.
दोनशे पस्तीस अधिक दोनशे सदुसष्ट.
पाच नि सात बारा, दोन खाली,
हातचा एक.
पेन तिथंच थांबलं.
म्हणजे ही तीच जुडी,
काड्या गोळा करून, पुन्हा रबर लावून
दशकाच्या दारात आलेली.
एक नि तीन नि सहा, दहा. शून्य खाली,
आणि खोकंही गेलं शतकाकडं परत.
एवढं साधं.
कंडक्टरनं विचारलं, "बाई, उतरायचं न्हाई का?"

सकाळी हे सांगायचं म्हणून मी लवकर आले.
टेबलावर आधीच एक जुडी,
रबर नव्हतं, हिरव्या दोऱ्यानं बांधलेली.
"कालची," अल्फिया म्हणाली.
मी सवयीनं मोजल्या. अकरा.
"एक जास्त आहे गं."
"असू दे की. वाटी रिकामी कशी पाठवायची?"

ताळ्याचं मी नंतर सांगितलं,
सोळा जणांना कळलं, पाच जणांना नाही.
विराजनं त्रेपन्न पुन्हा उलटेच लिहिले.

ती अकरावी काडी मात्र
ना एककात बसत होती, ना दशकात.
घंटा झाली तरी मी ती मुठीत धरून उभी.
ही ठेवू कुठं?