पाय सरळ ठेवा

सहा तास उजवा पाय वाकवायचा नाही.
जांघेवर वाळूची पिशवी,
आणि दर अर्ध्या तासानं सिस्टर येऊन
पावलावरची नाडी चाचपून जाते.
आईनं असा पाय पसरून
कधी दिवस काढलेला नाही.
चाळीस वर्षांचे रोवणे तिच्या टोंगळ्यांत साचलेत.
"हे वाळू कुठली गं?
वैनगंगेची असन, त गार लागते."

चौदा महिने तिनं सांगितलं नाही.
पहाटे, सलंगाच्या खालच्या अंगाला,
जिथलं पाणी कुणी पीत नाही
तिथं जाऊन फडकी धुतली.
मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते.
पुस्तकात त्या पानावर
माझीच पेन्सिलची खूण होती.

आधीचं औषध हातातून गेलं.
केसांपर्यंत पोचलं, जिभेपर्यंत पोचलं,
नखं काळी करून आलं.
गाठीपर्यंत किती पोचलं, कुणास ठाऊक.
बाबा म्हणाले, "हे त आपल्या बांधीसारखंच झालं."

बाबा अठ्ठावीस वर्षं मामा तलावाचं तुडुम उघडतात.
आमची बांधी पाटाच्या अगदी शेपटाला.
वरची भिजतात, मधली भिजतात,
आणि पाणी वाटणाऱ्यानं
आपल्या घरचं आधी भिजवलं
असं कुणी म्हणू नये म्हणून
आम्ही उरलेलं घेतो.
उरलं तर.

काल डॉक्टर खोब्रागडे बाईंनी
एक्स-रेच्या पाकिटावर चित्र काढलं.
जांघेतून नळी, शेवयीएवढी,
मोठ्या धमनीतून वर, मग वळून खाली,
पिशवीकडे जाणाऱ्या फांदीत.
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
औषध तिथंच सोडायचं, हळू.
आई बराच वेळ बघत राहिली.
मग तिनं पेन मागितला
आणि एका फाट्यावर आडवी रेघ मारली.
"इथं फळी टाका, बाई.
नाही त सारं दुसरीकडंच वाहून जाईन."
डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "टाकतो आम्ही. बारीक तारेची गुंडाळी.
कुल्ह्याकडची वाट बुजवतो."
आईनं सही केली. अंतकला नीलकंठ वलके.
'अंतकला'वरचा अनुस्वार
तिनं नेहमीसारखा शेवटी दिला, दाबून.

आत ती जागीच होती.
सांगते, पडद्यावर काळं झाड उगवलं,
फागणातल्या मोहासारखं, पान नाही एक.
"अन् पोटात असं ऊन ऊन पसरलं,
मले वाटलं, लुगड्यातच झालं.
माफी मागतली म्या त्या पोराले."
पोरगा टेक्निशियन होता, चंद्रपूरकडचा.
म्हणाला, "काही नाही झालं मावशी, रंग हाय तो."

गाठ आकसली तर ऑपरेशन.
नाही आकसली तर पुन्हा बसून बोलू.
शब्द कुणी देत नाही.
मीही दिला नाही,
जरी तिनं दोनदा माझ्याकडं पाहिलं.

चार वाजता बाबांचा फोन.
मी स्पीकर लावून उशीजवळ ठेवला.
पाटाचा आवाज येत होता, आणि कुणीतरी भांडत होतं.
"आज पयलं आपल्या बांधीत घेतलं."
आई गप्प.
"कोणी काही म्हटलं?"
"म्हटलं."
"मंग?"
"म्हणू दे."
पाणी कुठंतरी मातीत शिरत असल्यासारखं वाजत राहिलं.
"धुऱ्याले खेकड्याचं भोक हाय, पूर्वेकडं,"
आई म्हणाली,
"चिखल दाबजा. सोडून नका येऊ."

तिचा टोंगळा चादरीखाली किंचित हलला.
मी हात ठेवला त्यावर.
सिस्टर आली, पावलाशी वाकली,
दोन बोटं टेकवून घड्याळाकडं बघत राहिली.
लागते.
अजून दोन तास चाळीस मिनिटं.