उलटी अक्षरं

शुक्रवारी साडेपाचला
आशेरकाका जिन्याचं कुलूप काढतात.
खाली सायकलींचं दुकान, वर आमचं प्रार्थनाघर,
दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेलं.
सोलापुरात पोस्टमनसुद्धा विचारतो,
"ते शनिवारवाल्यांचं का?"

आधी झाडू. मग सतरंजी.
मग काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल,
खोबरेलावर तरंगती वात.
किसमिस सकाळपासून भिजलेले असतात;
ते चुरगाळून गाळायचं काम माझं,
आधी आईचं, आणि आईच्या आधी
अश्दोदला गेलेल्या शेगुल्लामावशीचं.
दहा पेले. नेहमी दहाच भरायचे.

मग मोजणी.
माणसं मोजू नयेत म्हणतात,
म्हणून काका बोटं दुमडत पुटपुटतात :
एक नाही, दोन नाही, तीन नाही…
गुडघा धरून जिना चढणारे हनोख पेणकर, आठ नाही.
नऊ नाहीपाशी बोट थांबतं.
बायका या नाहीतही नसतात.
आम्ही खिडकीशी उभ्या राहून बघतो
दहावा येतोय का.

एकदा आला होता.
हैदराबादची गाडी दोन तास लेट,
आणि सातामकर नावाचा तिकीट तपासनीस
काळा कोट घालून धापा टाकत वर.
त्या दिवशी बाबांसाठी कद्दीश झाला.
भाऊ तिकडे लोदला म्हणतो दर आठवड्याला,
तिकडे दहा जण काय, गल्लीत मिळतात.
पण बाबा इथल्या मातीत आहेत,
इथल्या मुरमात, बाभळीखाली,
त्यांना इथून म्हटलेलं ऐकू जावं असं मला वाटतं.
हे मी काकांना बोलले नाही.

हेखालवरचा पडदा राजमल्लू चिप्पांनी विणला.
चादरीच्याच मागावर, निळ्यावर पांढरा.
काकांनी कागदावर हिब्रू लिहून दिलं :
कोणासमोर उभा आहेस, ते ओळख.
राजमल्लूंनी कधी न पाहिलेली ती अक्षरं
चौकटी मोजून पुठ्ठ्यावर उतरवली,
आणि पुठ्ठा मागावर चढला उलटा.
दोन महिन्यांनी घडी उघडली
तर सगळं आरशातलं.
म्हातारा ओशाळला. पैसे नको म्हणाला.
हनोखकाका म्हणाले, अहो, सोलापुरी चादर ही,
पलटून लावा की, मागून सुलट दिसतंय.

आशेरकाका बराच वेळ पडदा धरून उभे.
मग म्हणाले, असाच लावा.
सुलटी बाजू आत राहू दे.
आपल्याला पाठ आहे.
आत जो आहे
त्यालाही कधीतरी वाचू दे,
तो कोणासमोर उभा आहे ते.
पैसे त्यांनी पूर्ण दिले. वर मलिद्याचं ताट.

आता राजमल्लूंची नात श्रावणी
रविवारी वर येते, आमच्या तीन पोरांत चौथी.
आलेफ, बेत, गिमेल. तिला उजवीकडून लिहायला आवडतं.
सुक्कोतला कडब्याचा मांडव घालतो गच्चीवर,
पेंढ्या तीच मोजते, सरळ, मोठ्यानं,
एक, दोन, तीन. कडब्याला काय होतंय मोजून.

या शुक्रवारीही नऊच.
स्तोत्रं म्हटली, कद्दीश तेवढा सोडून,
दुखऱ्या दातावरून जीभ वळवावी तसं.
मे महिना. भिंती अजून भाजताहेत.
पंख्याच्या बटणाला आज आम्ही हात लावायचा नाही,
लाव म्हणून सांगायचंही नाही.
काका दाराशी उभ्या श्रावणीकडे न बघता म्हणतात,
"काय थंडी पडलीय!"
ती हसू दाबते, आत येते,
बटण खाली.

पंखा फिरत फिरत थांबतो.
पडदा त्याच्यानंतरही थोडा हलतो,
आतून कोणी ओळीवर बोट ठेवून
सावकाश वाचत असल्यासारखा.

सगळे जिना उतरतात.
दहावा पेला मी श्रावणीच्या हातात देते.
एका घोटात संपवून म्हणते,
"साखर घातलीस का गं? लई गोड झालंय."
नाही गं. किसमिसच तसे होते.