उणे दोन पूर्णांक नऊ

चरईतला दवाखाना, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
फॉर्मवर पहिलाच प्रश्न: जिने चढताना त्रास होतो का?
चढताना नाही. उतरताना भीती वाटते.
एवढं लिहायला रकान्यात जागा नव्हती.

शमिका नावाची मुलगी मला भिंतीशी उभी करते.
टाचा मागे, हनुवटी सरळ, मावशी.
डोक्यावर पट्टी टेकवून आकडा वाचते.
मी म्हणते, चुकलीस गं,
नोकरीला लागताना मेडिकलला पाच सेंटीमीटर जास्त भरले होते.
होतं असं, मणके हळूहळू खाली बसतात, कळत नाही.
पाच सेंटीमीटर!
एवढी चोरी झाली आणि घरात भांडंही वाजलं नाही.

सिगारेट? नाही. दारू?
शिमग्याला एकदा, तीही औषध म्हणून.
हसू नकोस, नाही लिही.
स्टेरॉइडच्या गोळ्या? दम्यावर, तीन वर्षं.
आधी हाड मोडलंय? मनगट.
कोपरीच्या भाजीबाजारात, धड सपाट जमिनीवर,
हातात फक्त कोथिंबिरीची जुडी होती.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का?

इथं मला थांबावं लागतं.
आयुष्यभर मिठागरावर टोपल्या वाहिल्या तिनं,
मानेवर गठ्ठे आले होते मिठाचे.
मग एका सकाळी कोंबड्यांना कण्या टाकताना
खाली बसली, ती उठलीच नाही.
वैदूनं पाला बांधला. सगळे म्हणाले, वय झालं.
एक्स-रे कोण काढणार, आणि कुठं?
मला एवढंच आठवतं की
तिचा डावा पाय आखूड दिसायचा
आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडून राहायचं,
गोधडी घातली तरी.

शमिका पेन खाली ठेवते.
मग म्हणते, मावशी, "हो" लिहू या.

एकेचाळीस वर्षांनी, एका चौकोनात,
निळ्या शाईची बारीकशी खूण.

मग पाठीवर झोपले. यंत्राचा हात वरून सरकत गेला,
ना स्पर्श, ना आवाज.
उणे दोन पूर्णांक नऊ, डॉक्टर म्हणाल्या.
कशातून उणे?
तीस वर्षांच्या निरोगी बाईच्या हाडातून.

त्या बाईला मी ओळखते.
वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर सोळाच्या शेडमध्ये
ती दिव्यासमोर काचेच्या अँप्युल धरून बसायची.
शंभर उचलायच्या, फिरवायच्या,
केसाएवढा तडा दिसला की बाजूला.
शंभरात तीन निघाल्या तर पेटी परत,
पाच निघाल्या तर सुपरवायझर सावंतांची आरडाओरड.

माझ्यासारख्या शंभर बायका घेतल्या
तर दहा वर्षांत त्यातल्या एकोणतीस जणींचं काही ना काही मोडेल,
डॉक्टर हळू आवाजात सांगतात.
एकोणतीस!
सावंतांनी कारखानाच बंद केला असता.
पण कुठल्या एकोणतीस?
ते नाही सांगता येत, आजी. तडा दिसत नाही.

मी विचारलं, आई पडली म्हणून मोडलं,
की मोडलं म्हणून पडली?
दोन्ही होतं, म्हणाल्या. आणि औषध लिहायला लागल्या:
आठवड्यातून एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर,
नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

घरी येऊन मोरीपुढचं पायपुसणं उचललं.
सुनेच्या लग्नातलं, मोर काढलेलं.
ती काही बोलली नाही, मीही नाही.

शनिवारी फिटर आला, स्टीलचा दांडा घेऊन.
आजी, किती उंचीवर लावू?
मी भिंतीला पाठ लावली, टाचा मागे,
आणि हात सहज जिथं गेला
तिथं पेन्सिलीनं रेघ मारली.

तो म्हणाला, थोडा वर घेऊ का, बरं दिसेल.
नको.
लागलाच तर पुढे आणखी खाली घेशील,
बिलात आजच लिहून ठेव.