समोरचा पक्ष

विमा कंपनीचा पोरगा फोनवर विचारतो,
"धडक कुणी दिली, तुम्ही की हरणाने?"
विल्मा होलुब घेवड्याच्या वाफ्यात उकिडवी,
फोन कान नि खांद्यात चिमटलेला,
नखांत विस्कॉन्सिनची काळी माती.
"दोघांनी," ती म्हणते. "धुकं होतं."

गाडी अजून नॉर्बर्टच्या गॅरेजात.
रेडिएटर आला, बॉनेट यायचंय.
फुटक्या दिव्याच्या फटीत भुरे केस अडकलेत,
काढू का, त्याने विचारलं होतं.
राहू दे, म्हणाली.
पहिले पाचशे डॉलर तिच्याच पदरचे.

फॉर्मात रकाना आहे: समोरच्या पक्षाची माहिती.
काय लिहायचं?
डावा कान फाटका.
जूनपासून रोज पहाटे कुंपण ओलांडून
कोवळे शेंडे खुडणारी.
साबणाच्या वड्या टांगल्या, जाळी लावली, थाळ्या बडवल्या,
शिव्या घातल्या चेक भाषेत, आईच्या ठेवणीतल्या.

आता आठवडा झाला, घेवडा नुसता सुटलाय,
काठी सोडून तारेवर,
तारेवरून गाडीच्या रिकाम्या शेडवर.
शेंगा जून होताहेत.
एकटीने खायच्या तरी किती?

"आणखी काही नुकसान?"

ती कुंपणाच्या त्या वाकलेल्या जागेकडे बघते.
तिकडे पोरगा थांबलाय,
बोटं कीबोर्डवर.