बंद कपोला

शिरोलीत, तीन नंबर शेडच्या मागं
बंद पडलेल्या कपोल्याच्या तोंडात
गव्हाणी घुबडाची चार पिल्लं आहेत,
असं फेटलिंगचा हिदायत शिकलगार म्हणाला.
वर म्हणाला, मालकाला सांगू नको,
एकतर पूजा घालील, नाहीतर धूर.

सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणजे उजेडालाही.
मंगळवारी गेलो. फ्लॅश काढून पिशवीत टाकला.
इथला उजेड ओतकामाचा:
लॅडल कलंडली की फुटक्या पत्र्यातून
दहा-बारा सेकंद नारिंगी होतं सगळं,
तेवढ्यात काय ते.
एरवी काळोख, आणि पिल्लांचा
गळक्या एअर पाइपासारखा फुसकारा.

हिदायत कपोल्याखाली शिडी धरून.
"घुबडाला धोंडा मारू नये, आई म्हणायची.
ते धोंडा उचलून नेतंय, पाण्यात घासत बसतंय.
धोंडा झिजंल तसा माणूस झिजतोय."
मग खोकला. बावीस वर्षं ग्राइंडरवर.
"मी तर कधी मारला न्हाई, भावा."

लॅडल कलंडली.
ती आली, पंखांचा आवाजच नाही,
चोचीत उंदीर,
तोंड कापलेल्या सफरचंदासारखं.
बटण दाबलं.

स्क्रीनवर घुबड नाहीच,
वरच्या कडेला एक पांढरा फराटा.
खाली हिदायत, मान वर, तोंड उघडं,
भुवयांवरची लोखंडाची धूळसुद्धा
मोजता येईल इतका स्पष्ट.

"गावलं काय?" त्यानं खालनं विचारलं.
गावलं, म्हणालो.