तरी

दांडिया बाजारात, बँकेच्या मागच्या बोळात
भोइट्यांचं सेव-उसळीचं दुकान.
चार बाकं, एक पंखा,
तोही गल्ल्याकडे तोंड करून.
भिंतीवर तीन पाट्या, भोइट्यांच्याच अक्षरात:
सुटे द्या.
खाऊन झाल्यावर बसू नये.
दुसऱ्यांदा तरी मागू नये.

ती तिसरी मी कित्येक वर्षं चुकीची वाचली.
वाटायचं, पहिल्यांदा मागितलंत, माफ,
निदान दुसऱ्यांदा तरी मागू नका.
काहीच.

भोइटे माणसांना नावं ठेवत.
म्हणजे खरोखरच ठेवत.
कांदा चिरणारी बाई, तिचं नाव कांदा.
बशा विसळणारा म्हातारा, पाणी.
आणि छोटा उदेपूरकडून आलेला,
ओठांवर नुकती लव फुटलेला पोरगा,
पितळी बादलीतून लाल तेल वाढत फिरणारा,
तो तरी.
"ए तरी, मेलास का?"
"कांदा, डोळे घरी जाऊन पूस!"
आणि पाणी ऐकू कमी यायचा,
त्याला लांबून पाव फेकून मारला
की कळायचं, हाक आली.

गिऱ्हाइकांचंही वेगळं नव्हतं.
शाळेतल्या एक बाई एकदा म्हणाल्या, पाव कालचा आहे.
"मग आजचा घरी भाजा," भोइटे म्हणाले,
आणि त्यांच्या पुढ्यातली बशी उचलून घेतली, अर्धी भरलेली.
सगळं दुकान हसलं.
मीही हसलो,
तोंडात घास होता, तरी.

आता शर्टाचं सांगतो.
श्रावणातला सोमवार, मी पांढरा शर्ट घातलेला,
वीज मंडळातल्या दामल्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं होतं.
पळी कलंडली. खांद्यापासून खिशापर्यंत लाल.
भोइटे गल्ला सोडून सहसा उठत नाहीत.
उठले.
झारा हातात होता, तोच हाणला त्याच्या पाठीवर,
उकळत्या कढईतला.
"काकांच्या शर्टाचे दोनशे कापले," म्हणाले, मोठ्याने,
मला ऐकू यावं म्हणून.

दोनशे मला कधी मिळाले नाहीत.
मी मागितलेही नाहीत, पहिल्यांदासुद्धा.
कोपर माझं लागलं होतं.
पेपरचं पान उलटताना.
त्याने पाहिलं होतं. माझ्याकडेच बघत होता,
काही न म्हणता, बादली सावरून धरत.
मी म्हटलं, "असू दे, असू दे,"
आणि ते नेमकं कोणाला म्हटलं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन दिवस गेलो नाही.
तिसऱ्या दिवशी गेलो.
चव. दुसरं काय सांगू?
त्या तेलात लसूण असा काही उतरतो.
आणि निवृत्त माणसाला सकाळी दहाला
कुठेतरी जायचं असतं.

दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला.
बादली तीच. धरणारा नवा, आणखी लहान.
"ए तरी!" भोइट्यांनी हाक मारली
आणि नव्याने पहिल्याच दिवशी मागे वळून पाहिलं.

परवा अकोट्याच्या पुलाअलीकडे पेट्रोल भरायला थांबलो.
गणवेश, टोपी, छातीवर बिल्ला,
बिल्ल्यावर आधीच्या कोणा पटेलचं नाव.
"काका," तो हसला, "तिखट कमी, कांदा जास्त, सेव वेगळी."
सात वर्षं मी जे खाल्लं ते त्याला पाठ होतं.
मी विचारलं, बाळ, तुझं नाव काय?
त्याने आधी नळी जागेवर अडकवली,
सुटे मोजून दिले,
मग सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट.

स्कूटरवर मी ते घोकत निघालो, पोरगा पाढा घोकतो तसं.
पुलावर होतं.
सिग्नलला होतं.
दांडिया बाजारच्या वळणावर एक गाय आडवी आली,
ब्रेक दाबला, आणि नंतर चाचपडलं
तर राठवा एवढंच उरलेलं.

बायको ओटा पुसत होती,
फडकं त्याच शर्टाचं, डाग फिकट पिवळा.
"उशीर केलात. कोण भेटलं होतं?"
मी म्हटलं, "अगं तो नाही का, भोइट्यांकडचा,
तो...
तरी."